चार खुणा आणि पाच पांडव

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मुलांनी विचारलंत, आपल्या शेतामागं तो लोखंडी मनोरा कुठून आला. फोनवर सांगताना आवाज तुटतो आणि माझा क्रम बिघडतो, म्हणून लिहून पाठवते.

आपल्या गावाजवळून नवा रेल्वेमार्ग जातो आहे. गाडीच्या चालकाला स्टेशनाशी बोलता यावं, यासाठी एक मनोरा आणि त्याच्या पायथ्याशी यंत्रांची खोली बांधायची होती. जागा ठरली आपल्या बांधालगतच्या गायरानात. मोजणीवाले आले आणि चार कोपऱ्यांवर चुना फासलेले चार दगड ठेवून गेले. त्यांच्या बरोबर मधोमध कडुलिंब आला.

तो कडुलिंब कुणी लावलेला नाही, पण आहे मेंढरांचा. पलीकडच्या वस्तीवरची धनगर मावशी दुपारभर आपली मेंढरं त्याच्याखाली बसवते. जवळपास दुसरी सावली नाही. दगड पाहून ती माझ्याकडं आली.

"अक्का, तुमी इंग्रजी शिकल्या. झाड तोडू नका म्हणून सांगा की त्यांना."

मी सुवाच्य अक्षरात रेल्वेला अर्ज लिहिला. उत्तर आलं नाही.

मग वेळ अमावस्या आली. हिवाळ्यातल्या या दिवशी आपल्याकडं घरी कुणी जेवत नाही, सारं गाव शेतात असतं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, तिच्यात पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची आणि शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील यांवर ताव मारायचा. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून पंगतीला बसवायचं.

धाकटी जाऊ दगड शोधायला गेली आणि फारच लवकर परतली. "आयते चुना लावलेले गावले," ती खुशीत म्हणाली. "चार तिकडचे, एक बांधावरचा." तिकडचे म्हणजे कुठले, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. पूजा झाली.

आम्ही ताटं मांडत होतो तेवढ्यात खोदाईची माणसं आली. त्यांचा सुपरवायझर विदर्भातला तरुण मुलगा. गायरानात इकडून तिकडं फिरला, खुणा सापडेनात. शेवटी कोपीत डोकावला. हळदीकुंकवानं नटलेले आपले दगड त्यानं ओळखले.

"काकू, यातले चार आमचे आहेत."

"पांडव वाटून घेता का साहेब?" जाऊ म्हणाली. "पूजा झालेली हाय. आता न्हाय हलवता येत."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "खुणा नव्यानं कराव्या लागतील. तोवर जेवून घ्या." त्यानं बूट काढले. त्याची माणसंही बसली. आंबील त्याला इतकी आवडली की त्यानं तिसऱ्यांदा तांब्या पुढं केला.

जेवण चाललं असताना मावशीनं विषय काढला. "साहेब, तुमचा टावर तिकडं खडकाकडं उभा करा की. त्याला सावली कशाला लागती?"

तो हसला. "माझ्या हातात नाही, मावशी. पण नव्यानं मोजायला मोठे साहेब येतील, तेव्हा मी विचारतो."

आणि त्यानं खरंच विचारलं. मोठे साहेब आले, खडकाची बाजू त्यांना जरा उंचही वाटली, आणि जागा सरकली. नव्या खुणा मात्र लाल रंगानं केल्या.

सगळंच गोड झालं असं लिहिणार नाही. दोन बाभळी गेल्या, गायरानाचा एक तुकडा कुंपणात गेला. बांधकामाच्या गाड्यांची धूळ बसून आपला हरभरा पांढुरका पडला. पाणंदीत खड्डे पडले तेव्हा आम्ही बायका रस्त्यात उभ्या राहिलो, मग त्यांनी मुरूम टाकून दिला. कडुलिंबाची मात्र फांदीसुद्धा तुटली नाही.

यंदाच्या वेळ अमावस्येला तो सुपरवायझर न बोलावता आला. आधी कोपीत वाकून पांडव पाहिले, एकही लाल नाही अशी खात्री केली, आणि ताट घेऊन कडुलिंबाच्या बुंध्याशी जाऊन बसला. तेवढ्यात मावशीची मेंढरं आली.

"साहेब," मावशी म्हणाली, "जरा सरकून बसा. ती जागा त्यांची हाय."

ताट उचलून तो उन्हात सरकला.