व्रणाचं आतलं टोक

सिलिकॉनची पट्टी एका टोकाला धरून मी हळूहळू सोलून काढली. सानिका टेबलावर पडून छताकडे बघत होती. ऑपरेशनला अकरा आठवडे झाले होते. पट्टी हातात धरूनच मी थांबले.

“काय झालं, मावशी? इज इट बॅड?”

“एक मिनिट,” मी म्हणाले आणि दिवा जवळ ओढला.

मी नर्स आहे. नागपूरला शिकले आणि गेली सोळा वर्षं ॲरिझोनात, चँडलरच्या एका प्लास्टिक सर्जरी क्लिनिकमध्ये काम करते. ऑपरेशन डॉक्टर करतात, नंतरचे व्रण माझ्याकडे येतात. लोकांना वाटतं प्लास्टिक सर्जरीत व्रण राहतच नाहीत. राहतात. कातडी कापली की व्रण येणारच. आपल्या हातात एवढंच असतं की तो बारीक राहावा, सपाट राहावा आणि वर्ष-दीड वर्षात फिका पडावा.

सानिकाचं ऑपरेशन स्तन लहान करण्याचं होतं. त्यात चिरा साधारण जहाजाच्या नांगरासारखा असतो. स्तनाग्राभोवती गोल, तिथून सरळ खाली, आणि मग स्तनाच्या खालच्या घडीत आडवा. पहिले तीन आठवडे त्यावर साधा पेपर टेप. जखम पूर्ण मिटली की सिलिकॉनची पट्टी, आंघोळ सोडून दिवसभर. सहाव्या आठवड्यापासून बोटाने मसाज. तारेची ब्रा नाही, जड उचलणं नाही, आणि व्रणाला ऊन अजिबात नाही, कारण आपल्या रंगाच्या कातडीवर उन्हाने व्रण काळा पडतो.

सानिका हे सगळं तंतोतंत करत होती. ती इथेच जन्मलेली, सव्वीस वर्षांची, एका हायस्कूलमध्ये स्विमिंग कोच. मराठी कळायचं, बोलायची अर्धं इंग्लिशमध्येच, आणि मला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायची. बारावीपासून पाठ आणि खांदे दुखायचे, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खाचा पडल्या होत्या. स्विमसूटमध्ये पूलच्या काठावर उभं राहिलं की लोकांची नजर कुठे जाते, हे तिने पहिल्या भेटीतच मला सांगितलं होतं. “आय जस्ट वॉन्ट टू स्टँड स्ट्रेट,” ती म्हणाली होती. सीझन संपल्यावर डिसेंबरात ऑपरेशन झालं. पहिल्या आठवड्यात ती आरशासमोर ताठ उभी राहिली आणि हसली. ते हसू मला अजून आठवतं.

अकराव्या आठवड्यात कुठलाही व्रण लाल आणि थोडा कडकच असतो. तो घाबरण्याचा विषय नाही. पण तिच्या आडव्या व्रणाची आतली टोकं, म्हणजे दोन्हीकडची छातीच्या मधल्या हाडाजवळची, फुगली होती. नुसती फुगली असती तरी चाललं असतं. ती चिऱ्याची रेघ ओलांडून बाजूच्या चांगल्या कातडीवर सरकली होती. चकचकीत, गुलाबी, हाताला रबरासारखी.

जाड व्रण आपल्या रेघेत राहतो आणि काळाने बसतो. रेघ ओलांडणाऱ्याला केलॉइड म्हणतात. तो आपणहून बसत नाही. तो वाढतो, दुखतो, आणि त्याला खाज सुटते. बऱ्याचदा तो घराण्यात असतो.

“खाज येते का इथे?” मी विचारलं.

“ऑल द टाइम. मला वाटलं हील होतंय म्हणून.”

मी डॉक्टरांना बोलावलं. आमच्या डॉक्टर उंच, कमी बोलणाऱ्या बाई आहेत. त्यांनी बोट फिरवून पाहिलं, सानिकाला सगळं नीट समजावलं आणि त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन द्यायचं ठरवलं. ते स्टेरॉइडचं असतं. थेट व्रणात द्यावं लागतं, आणि दुखतं. सानिकाने माझा हात धरला.

ती गेल्यावर डॉक्टर कॉम्प्युटरसमोर बसल्या. “फॅमिली हिस्टरीत काय लिहिलंय?”

ते मीच भरलं होतं. ऑपरेशनच्या आधी मी प्रत्येकीला एक यादी विचारते. सिगारेट ओढता का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेता का, घरात कुणाला केलॉइड आहे का. सानिका म्हणाली होती, “आय डोन्ट थिंक सो.” मी ‘नाही’ वर टिक केलं होतं.

“तू विचारलंस, तिने उत्तर दिलं,” डॉक्टर म्हणाल्या. “आपण चुकलो नाही.”

कागदावर नव्हतो चुकलो. पण ‘मला नाही वाटत’ आणि ‘नाही’ यांतला फरक मला कळायला हवा होता. आधी कळलं असतं तर डॉक्टरांनी आडवा चिरा आखूड ठेवला असता, छातीच्या मध्याकडे नेला नसता. टाके निघाल्याबरोबर इंजेक्शनं सुरू केली असती. कदाचित सानिकाने ऑपरेशनच केलं नसतं. तो तिचा निर्णय असता, सगळं माहीत असून घेतलेला.

आणि आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यासमोर होती. सानिकाचे कान टोचलेले नव्हते. आपल्याकडे मुलगी वर्षाची व्हायच्या आत कान टोचतात. मी ते पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, इथली मुलगी, नसेल आवडत. कान टोचल्यावर केलॉइड येतो म्हणूनही काही घरं टोचत नाहीत, हे सुचलं नाही.

पुढच्या भेटीत मी तिला म्हटलं, “घरी विचार ना. आईला.”

“आईला माहीतच नाहीये, मावशी.”

“काय माहीत नाही?”

“सर्जरी. तिला सांगितलंच नाही मी.”

ती कॉलेजात असतानाच वडील गेले होते. आई टेक्ससला, प्लेनोमध्ये एकटी राहते. तिच्याबद्दल बोलताना सानिका एकदम शाळकरी मुलीसारखी झाली. लहानपणी आई कधी पूलमध्ये उतरली नाही. गळा जरा मोठा असला की ड्रेस परत करायला लावायची. साधी पुळी आली तरी हात बाजूला करायची, हात लावू नको, फोडू नको. “माझ्या बॉडीची तिला लाज वाटते. ऑल्वेज. हे सांगितलं तर म्हणेल, देवानं दिलं ते कापलंस.”

“मग फक्त एवढंच विचार. कान टोचल्यावर तुला गाठ आली होती का.”

तिने तिथल्या तिथे मेसेज केला. पाच मिनिटांत उत्तर आलं. “नाही. का गं?”

त्या ‘नाही’वरही मी विश्वास ठेवला.

मार्च, एप्रिल, मे. दर पाच आठवड्यांनी इंजेक्शन. डावीकडचं टोक थोडं बसलं. उजवीकडचं बसायचं आणि पुन्हा उठायचं. सानिका आता पट्ट्या, मसाज काही चुकवायची नाही, पण आरशात बघायची थांबली होती. कपडे घालताना भिंतीकडे तोंड करायची. एकदा म्हणाली, “आधी लोक बघायचे, आता मीच बघू शकत नाही.” मी टेप लावत राहिले.

जूनच्या भेटीला ती एकटी आली नाही. बरोबर साठीच्या एक बाई होत्या. बाहेर एकशे आठ फॅरनहाइट, म्हणजे आपले बेचाळीस, आणि त्यांच्या कुर्त्याची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. वरून ओढणी.

“ही माझी आई,” सानिका म्हणाली. डोळे सुजलेले होते.

बाईंनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. “कुठल्या तुम्ही?”

“नागपूर. इंदोऱ्यातली.”

“मी वर्ध्याची.” थोडं थांबून हलक्या आवाजात म्हणाल्या, “जयभीम, ताई.”

“जयभीम. बसा ना.”

त्या बसल्या नाहीत. सुट्टीत मुलीकडे राहायला आल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी भाजी चिरताना त्यांनी पाहिलं की सानिका बोटाच्या पेराने, कापडावरूनच, छातीच्या मधोमध घासतेय. नखाने नाही, पेराने. नख लावलं की आग होते म्हणून.

“ते घासणं मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “मी हिला म्हटलं, दाखव. ही दाखवेना. मग ओरडले मी.”

मी दार लावून घेतलं. बाईंनी ओढणी काढून खुर्चीवर ठेवली आणि वरची चार बटणं उघडली. छातीच्या मधोमध, गळ्याच्या जरा खाली, तळहाताएवढा केलॉइड. जुना, गडद, कडा पसरलेल्या.

सानिका हे पहिल्यांदाच बघत होती. मग म्हणाली, “यू सेड नो. मी विचारलं होतं तुला.”

“तू कानाचं विचारलंस गं. कानाला नव्हतं झालं मला.”

सोळाव्या वर्षी त्यांना तिथे गळू झालं होतं. तालुक्याच्या डॉक्टरने कापलं. व्रण वाढत गेला. एक स्थळ जमलं होतं, मुलाच्या चुलतीला कुणीतरी सांगितलं, ते मोडलं. त्यानंतर त्यांच्या आईने त्यांना बजावलं, आता कुणाला दाखवायचं नाही. नवऱ्याला लग्नानंतर कळलं. तो कधी काही बोलला नाही. चांगला माणूस होता, त्या म्हणाल्या, पण बोलला नाही.

“मुलगी झाली म्हणून हिला हातात दिलं तेव्हाच ठरवलं, हिच्या अंगाला सुई लागू द्यायची नाही. कान टोचू दिले नाहीत. सासू वर्षभर बोलली नाही माझ्याशी.” त्या सानिकाकडे वळल्या. “आणि तू जाऊन एवढं कापून आलीस.”

“मला वाटायचं तुला माझी लाज वाटते.”

“तुझी कसली लाज?”

“मग सांगितलं का नाहीस, आई? व्हाय डिडन्ट यू जस्ट टेल मी?”

बटणं लावायला बाईंचा हात वर गेला आणि तसाच राहिला. सानिका रडत होती, पण उठून आईजवळ गेली नाही. त्या दोघींच्या मध्ये माझं टेबल होतं. मला वाटलं मी बाहेर जावं. पण इंजेक्शनचा ट्रे भरलेला होता आणि डॉक्टर दाराशी आल्या होत्या.

डॉक्टरांनी सानिकाला इंजेक्शन दिलं. मग आईच्या छातीकडे बघून सहज विचारलं, “तुम्हाला त्रास होतो?” मी मराठीत सांगितलं.

“आता काय त्रास,” बाई म्हणाल्या. “खाज तेवढी. ती राहतेच.”

“खाज कमी करता येईल. हेच इंजेक्शन.”

मी भाषांतर केलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. “खाज थांबते?” त्यांनी विचारलं. “म्हणजे थांबवता येते?”

“येते, ताई. बऱ्याच जणींची थांबते.”

त्या खुर्चीवर बसल्या.

सानिकाची इंजेक्शनं आणखी आठ महिने चालली. डावं टोक सपाट झालं. उजवीकडे दोन बोटं लांबीची एक दोरी राहिली, आणि आजूबाजूची कातडी औषधाने पांढरट पडली. यापेक्षा जास्त काही होणार नाही, हे डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं. पुन्हा कापलं तर पुन्हा वाढेल. ती आता गळ्यापर्यंतचा, लांब बाह्यांचा स्विमशर्ट घालून कोचिंग करते. उन्हासाठी, असं सांगते. पाठ दुखत नाही. ऑपरेशन केल्याचा पस्तावा होतो का, असं मी एकदा विचारलं. “काही दिवस हो, काही दिवस नाही,” ती म्हणाली. आईशी ती दर रविवारी बोलते. त्या विषयावर दोघी बोलत नाहीत. हे लिहायला तिची परवानगी आहे, नाव मात्र मी बदललं आहे.

क्लिनिकमध्ये आता मी यादी वेगळ्या तऱ्हेने विचारते. ‘माहीत नाही’ असा तिसरा रकाना आहे. तो भरला असेल तर घरी विचारून येईपर्यंत ऑपरेशनची तारीख देत नाही. डॉक्टर सुरुवातीला कुरकुरल्या, आता सवय झाली.

सानिकाच्या आईने प्लेनोत त्वचेच्या डॉक्टरकडे जायला सुरुवात केली. तिसऱ्या इंजेक्शननंतर त्यांनी मला फोन केला. आधी तब्येतीची चौकशी, मग हवा, मग वर्ध्याची कुठली तरी ओळख निघाली.

“ताई, खाज थांबली,” त्या मग म्हणाल्या. “काल दिवसभर हात गेला नाही तिकडे. संध्याकाळी लक्षात आलं.”

“चांगलं झालं.”

“हो.” “नवीन औषध असेल ना हे? अमेरिकेतलं?”

मी हो म्हटलं.

ते औषध नवीन नाही. त्यांच्या लग्नाच्या वेळीही ते होतं, नागपुरातही मिळत होतं. फक्त कुणाला तरी दाखवायला हवं होतं.