भिंगरीचं एम.ए.

भिंगरीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, ते तिथेच पडून राहिलं. चालायला लागली तेव्हापासून ही पोरगी सरळ कधी चाललीच नाही. पाणी आणायला पाठवा, गोल गोल फिरत जायची आणि अर्धा तांब्या वाटेत सांडून यायची. थोरल्या भावाने नाव ठेवलं भिंगरी. थोरल्याने ठेवलेलं नाव आणि थोरल्याने फरशीला केलेलं पॉलिश, दोन्ही निघता निघत नाहीत. कुणालाही विचारा.

तेहतिसाव्या वर्षी भिंगरीने ठरवलं, नाचात एम.ए. करायचं. औषधांच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. सकाळी सहा ते दुपारी दोन उभ्याने काम, मग धावतपळत तीनच्या वर्गाला. बी.ए.सुद्धा तिने असंच काढलं होतं, कुणाला कळलंही नाही. एम.ए.चं मात्र घरात कळलं.

"नाचात एम.ए.?" आत्याने हातातलं काम खाली ठेवलं. "मग पुढे डॉक्टर झालीस की उड्या मारत औषध देशील का?"

"औषध आत्ताही देतेच की, आत्या. दिवसाला चार हजार बाटल्या."

"गुडघे बघ जरा स्वतःचे!"

"बघितले. दोन्ही आहेत."

आत्यापुढे बोलायची छाती आख्ख्या घराण्यात दोघांचीच. एक भिंगरी. दुसरा थोरला, सांगायला नको.

एम.ए.ला शेवटी स्वतः बसवलेला वीस मिनिटांचा नाच दाखवावा लागतो. बाकीच्यांनी राजे घेतले, पाखरं घेतली, नद्या घेतल्या. भिंगरीने घेतली पॅकिंगची लाइन. समोरून पट्टा सरकतो, पट्ट्यापाशी बाया. बाटली, झाकण, लेबल, खोका. पुन्हा बाटली. कोण बाई बगळ्यासारखी एक टाच उचलून उभी राहते, कोण कंबर टेबलाच्या कडेला टेकवते, कोण मान मोडायला बरोबर किती बाटल्यांनी वळते, हे सगळं तिने दोन वर्षं वहीत उतरवून ठेवलं होतं.

विभागप्रमुख बाईंनी नाच बघितला आणि नाक मुरडलं. "हे काम झालं गं. नाच कुठाय?"

"तोच नाच आहे, बाई."

"मंच भरला पाहिजे. शेवटी बारा गिरक्या टाक."

भिंगरीने मनातल्या मनात काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण चार वर्षांत कोर्स संपवायचा असा नियम, आणि हे चौथं वर्ष. ही परीक्षा हुकली तर सगळं पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून करायला तिच्याकडे ना रजा उरली होती ना गुडघे. तिने दात ओठ खात गिरक्या टाकल्या.

परीक्षा सोमवारी. आदल्या रविवारी थोरला सहज परीक्षेचं नाट्यगृह बघायला गेला. तिथला वॉचमन त्याच्या ओळखीचा, कारण तिथला जिना त्यानेच घासला होता. मंचाची फरशी लाकडी, पण मळकट, खरखरीत, ओरखडेच ओरखडे. आपल्या बहिणीने असल्या फरशीवर उभं राहायचं? त्याने मशीन आणलं, मेण आणलं, आणि भर दुपारी चार तास एकट्याने तो मंच असा घासला की वाकून बघितलं तर मिशा मोजता याव्यात. घरी मात्र अवाक्षर काढलं नाही. उद्या बघेलच, मनाशी म्हणाला.

नाचणाऱ्याला फरशी पाय धरणारी लागते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या धंद्यात चकाकेल ती चांगली.

सोमवारी कारखान्यातली पाळी संपवून दुपारी चारला भिंगरी मंचावर आली. समोर टेबलामागे विभागप्रमुख बाई आणि बाहेरून आलेले परीक्षक, ताठ पाठीचे म्हातारे गृहस्थ. तालवाल्याने ठेका धरला. एक, दोन, आणि तिसऱ्या ठोक्याला भिंगरीचा पाय जो सटकला तो सटकलाच. कोपर आपटलं, गुडघा फुटला. उठली. पुन्हा पाय टाकला, पुन्हा आडवी.

"कुणी केलं हे?" बाई ओरडल्या.

"मी!" शेवटच्या रांगेतून थोरला उभा राहिला, बक्षीस घ्यायला उठतात तसा. मग त्याने बहिणीचा गुडघा बघितला. "भिंगरे... अगं, मला वाटलं..."

"दादा, बस खाली."

बसला. आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दात बसला.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मंच वापरण्यासारखा नाही. परीक्षा रद्द."

"मी नाही रद्द करत," भिंगरी म्हणाली.

"ते तुझ्या हातात आहे का?"

"नाही ना? मग माझ्या पायात काय आहे ते बघा."

ती मंचावरून खाली उतरली. मंच आणि परीक्षकांचं टेबल यांच्यामध्ये जेमतेम दोन पावलांची जागा होती, साधी सिमेंटची. तिथे ती उभी राहिली.

"नियमाप्रमाणे मंचावरच..." बाईंनी सुरुवात केली.

म्हाताऱ्यांनी चहाच्या कपाखालचा नियमांचा कागद ओढून काढला, चष्मा वर केला आणि सावकाश वाचला. "'परीक्षकांसमोर, वीस मिनिटे.' मंचाचं नावसुद्धा नाही यात. चालू दे, मुली."

भिंगरीने पुढे होऊन परीक्षकांच्याच टेबलावर हात ठेवले. तेच झालं पट्ट्याचं टेबल. बाटली, झाकण, लेबल, खोका. हात बाईंच्या चष्म्यापुढून वीतभर अंतरावरून जात होते. बाईंना कप उचलून मांडीवर घ्यावा लागला. भिंगरीची टाच उचलली गेली, कंबर कडेला टेकली, मान वळली. एक एक करून पाच बाया तिच्या अंगात येऊन उभ्या राहिल्या, आणि वीस मिनिटांत ती एक पाऊलसुद्धा सरकली नाही. गुडघ्यातून रक्ताचा ओघळ पार घोट्यापर्यंत गेला. तिने पुसला नाही.

शेवटी तालवाल्याने गिरक्यांचा ताल सुरू केला. बारा ठोके. भिंगरी उभी राहिली. पट्टा मध्येच बंद पडला की बाया उभ्या राहतात तशी, हात अर्धवट हवेत, पुढची बाटली कधी येईल याची वाट बघत. बाराच्या बारा ठोके ती तशीच उभी. तालवाला घामाघूम.

"गिरक्या कुठायत?" बाईंनी विचारलं.

"पट्ट्यावर कुणी गिरकी घेत नाही, बाई. तुमच्यासाठी टाकल्या होत्या. आता काढल्या."

"मार्क कापावे लागतील."

"कापा. पण कशाचे कापले ते लिहून द्या. मी वाचून सही करते."

बाईंनी म्हाताऱ्यांकडे बघितलं. म्हातारे छताकडे बघत होते. बाईंनी लिहिलं. भिंगरीने उभ्यानेच वाचलं, पेन मागून सही केली, आणि मग पहिल्यांदा खुर्चीवर बसली.

पास झाली. लागतात त्यापेक्षा सात मार्क जास्त पडले. सात म्हणजे थोडे वाटत असतील ज्याला, त्याने आठ तास उभं राहून मग नाचून दाखवावं.

डिग्रीचा कागद तिने कपाटात, कपड्यांखाली ठेवला. भिंतीवर चौकट लागली ती दुसऱ्याच कागदाची, बाईंच्या अक्षरातली: "बारा गिरक्या न घेतल्याबद्दल अठरा गुण वजा."

आत्या मुक्कामाला आली, पहाटे उठून दोनदा वाचलं आणि गालावर बोट ठेवलं. "अगं बाई, झालेला अपमान कुणी भिंतीवर टांगतं का?"

"नीट वाच ना, आत्या," भिंगरी बूट घालत म्हणाली. पाच-वीसची बस गाठायची होती. "माझ्या नावापुढे 'न घेतल्याबद्दल' लिहिलंय. सहीसकट."