अक्कांसाठी टाकलेला व्हिडिओ

मुलांच्या हाती मोबाइल देताना काय जपावं, यावर आमच्या शाळेच्या पालकसभेत दरवर्षी मीच बोलते. अनोळखी माणसाशी मैत्री नको, गणवेशातला फोटो नको, खातं सगळ्यांसाठी उघडं नको. फळ्यावर मुद्दे लिहून देते, डुलक्या काढणाऱ्या बापांना नाव घेऊन उठवते. घरीही तोच जाच. माझ्या आठवीतल्या मुलीला स्वतःचं खातं नाही. माझ्या फोनवर अर्धा तास, तोही माझ्या डोळ्यांसमोर. ती मला पोलीसबाई म्हणायची आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता.

श्रावणात आमच्याकडे अमळनेरला कानबाई देवी बसते. रोटांच्या, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जेवणाला सगळी भावकी लागते, म्हणून सुरतेला कामाला गेलेलेही त्या दोन दिवसांसाठी गाडी पकडून येतात. त्या वर्षी माझ्या थोरल्या जाऊबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना येता आलं नाही. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. विसर्जनाला कानबाई डोक्यावर घेऊन नदीपर्यंत जायचा मान वर्षानुवर्षं त्यांचा. फोनवर त्या रडल्या तेव्हा माझाही जीव कळवळला, आणि मी बोरी नदीपर्यंतची सगळी मिरवणूक अक्कांसाठी फोनमध्ये घेतली.

मिरवणुकीपुढे माझी मुलगी नाचत होती. पहिल्यांदाच साडी नेसलेली, घामाघूम, भान हरपलेली. इतकी छान नाचत होती की कानबाईपेक्षा तीच जास्त आली माझ्या व्हिडिओत.

व्हिडिओ मोठा, घरच्या ग्रुपवर जाईना. मी तो माझ्या खात्यावर टाकायला घेतला, तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, माझा नको टाकू ना." मी म्हटलं, आपलीच माणसं बघणार आहेत, त्यात काय एवढं. थोड्या वेळाने अक्कांचा फोन. त्यांचं स्वतःचं खातं नव्हतं, शेजारणीच्या फोनवर बघायला बसल्या होत्या.

"माले काहीच दिसत नही वं बाई. बठ्ठासले दिसी आसं कर ना."

मी केलं. सगळ्यांना दिसेल असं. संध्याकाळी परत बंद करायचं ठरवलं होतं, पण घरात पाहुणे, पंगती, भांडी. बंद करायचं राहिलं ते राहिलंच.

पंधरा दिवसांनी शाळेत सोबतच्या बाईंनी मला प्रयोगशाळेत नेऊन दार लोटलं आणि त्यांचा फोन माझ्या हातात दिला. कुणीतरी माझ्या व्हिडिओतला तिचा तुकडा कापला होता. कानबाई नाही, बायका नाहीत, फक्त ती. गती संथ केलेली, खाली भलतंच गाणं. वर जे लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. खाली लोकांनी लिहिलेलं तर नाहीच नाही. त्यातल्या काहींच्या फोटोत त्यांच्या कडेवर त्यांच्याच लेकी होत्या.

मी माझा व्हिडिओ काढून टाकला, पण त्याने काय होणार होतं? त्या तुकड्याची तक्रार केली, तर दोन दिवसांनी उत्तर आलं की त्यात नियमाबाहेरचं काही आढळलं नाही. नवऱ्याने केली, भाच्यांनी केली, तेच उत्तर. जळगावला सायबर शाखेत गेलो. तिथल्या मॅडम भल्या होत्या, पाणी दिलं, अर्ज घेतला. खातं खोट्या नावाचं, चालवणारा कुठे बसलाय कळायला वेळ लागेल, आणि एकीकडून निघालं तरी दुसरीकडे येतं, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मग मूळ व्हिडिओ कुणी टाकला होता, असं विचारलं. मी टाकला होता, असं मला सांगावं लागलं.

तोवर क्लासमधल्या पोरांनी तो तुकडा माझ्या मुलीला दाखवलाच होता. ती माझ्याशी भांडली नाही. भांडायला हवं होतं तिने, मला चार शब्द ऐकवायला हवे होते. ती फक्त क्लासला जाईनाशी झाली. गल्लीत लग्नाची वरात आली की खिडकी लावून घ्यायची. अक्कांना आम्ही काही सांगितलं नाही. त्या अजून फोनवर विचारतात, पोरगी नाचते ना? मी हो म्हणते.

रोज सकाळी चहा ठेवला की मी तो तुकडा शोधून उघडायचे. निघाला का बघायचं, नसला निघाला तर परत तक्रार करायची. दुसरं काही हातात नव्हतंच. एकदा ती मागे येऊन उभी राहिली, ते मला कळलं नाही.

"तू रोज बघते ते?"

गेलं का तेवढंच पाहते, मी म्हटलं.

ती अगदी हळू म्हणाली, "लोकांचं जाऊ दे. तू तरी नको बघू ना, आई."

मी फोन पालथा ठेवला. तक्रार करायची तर ते दर वेळी उघडावंच लागतं.