लिहून घेणार

आमच्या घरमालकांनी आडावरचा दोर आणि पोहरा काढून नेला, त्या सकाळी माझ्या लक्षात आलं की आता या घरात राहणं संपलं.

मालक तसे वाईट नव्हते. गंजगोलाईत त्यांचं किराणा दुकान होतं. लग्न होऊन मी लातूरला आले तेव्हापासून आम्ही त्यांच्याच दोन खोल्यांत राहत होतो. भाडं कधी चुकवलं नव्हतं, भांडण कधी झालं नव्हतं. पण लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. रोज नवीन कचेरी उघडत होती, रोज कुणीतरी साहेब बदली होऊन येत होता, आणि प्रत्येक साहेबाला बिऱ्हाडासाठी घर हवं होतं. त्यातलेच एक साहेब आमच्या खोल्या पाहून गेले होते. आम्ही देत होतो त्याच्या दुप्पट भाडं ते द्यायला तयार होते.

"बाई, तुमचं काही वाईट नाही," मालक म्हणाले होते, "पण एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणू? पाडव्याच्या आत खोल्या मोकळ्या करा."

मला सातवा महिना लागला होता. ह्यांनी हात जोडून बाळंतपणापर्यंतची मुदत मागितली. मालकांनी मान हलवली, म्हणून आम्ही निश्चिंत झालो. आणि आठवडाभरात आडावरचा दोर गेला. "गाळ काढायचा आहे," एवढंच त्यांनी सांगितलं. गाळ काढायला कुणी आलं नाही. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती, नळाला चार दिवसांनी करंगळीएवढी धार यायची. आड बंद म्हणजे घर बंदच.

हे औशाच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, रोज सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळी यायचे. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. दुष्काळामुळे सासूबाईही गावाकडून आमच्याकडे आल्या होत्या. कंधारजवळच्या आमच्या खेड्यात प्यायलासुद्धा पाणी उरलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या. माझं नोकरी करणं त्यांना फारसं पटत नसे. "बाईमाणसानं एवढं भायेर हिंडू न्हाई," हे रोजचंच. त्यात आता घर बदलायचं म्हटल्यावर त्या आणखी चिडल्या.

"दिवस भरत आलेल्या बाईनं उंबरा बदलू न्हाई म्हनतेत."

"आत्याबाई, आपण ते सगळं सोडलं ना?" मी म्हणाले.

"देव सोडले. भ्या कुठं सोडलं?" त्या म्हणाल्या.

शाळा सुटली की मी घरं बघत हिंडायची. उन्हानं डांबर मऊ झालेलं असायचं, चप्पल चिकटायची. घरं रिकामी होती, नव्हती असं नाही. पण आडनाव विचारलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. एका बाईंनी तर अगत्यानं आत बसवलं, चहा दिला, माझ्या पोटाकडे बघून कौतुकानं चौकशी केली. मग माहेरचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या उठल्या, कपबशी उचलायला आलेल्या मोलकरणीला म्हणाल्या, "ती वेगळी ठेव." आणि मला म्हणाल्या, "आमच्याकडे सोवळं फार असतं हो. तुम्हालाच अवघड जाईल."

मी रस्त्यावर आले. खूप राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. बाळ कुठं जन्माला येणार, एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

शाळेत आमच्या मोठ्या बाई होत्या, वयानं आणि हुद्द्यानंही. गळ्यात लिंग, कपाळाला भस्माची रेघ, तोंड फार तिखट. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी रडत होते, ते त्यांनी पाहिलं.

"भाड्याच्या मागं कशाला लागलीस? घेऊन टाक एखादं," त्या म्हणाल्या. "रुळापलीकडं एक म्हातारे शिंपी राहतात. हैदराबादला लेकाकडं चाललेत. घर विकायचंय, पण गिऱ्हाईक नाही, कारण आड आटलाय. आज जाऊन बघ. उद्या नको, आजच."

त्या दिवशी हे आल्याबरोबर आम्ही तिघं गेलो. दोन खोल्या, वर पत्रे, पुढं अंगण, मागं थोडी मोकळी जागा. शिंपीचाचा बाजेवर बसून मशीनला तेल घालत होते. मी इतकी थकले होते की घर बघायच्या आधीच बोलून मोकळी झाले.

"चाचा, आम्ही बौद्ध आहोत. आधीच सांगते. चालत नसेल तर आत्ताच सांगा, आम्ही जातो."

त्यांनी चष्मा वर केला. "मी पूछलो का बेटी? मी बी आधीच सांगतो. या घराला पानी न्हाई. आड कोरडा हाय. नंतर म्हनू नका की बुढ्ढ्यानं फसवलं."

सासूबाई आडाजवळ जाऊन आत वाकून बघत होत्या. त्यांनी एक खडा टाकला, कान दिला, आणि परत आल्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. घर घ्यायचं ठरायला त्याहून जास्त वेळ लागला नाही.

पण घोडं दुसरीकडेच अडलं होतं. जिल्हा झाल्यावर रुळापलीकडच्या जागांवरही व्यापाऱ्यांची नजर गेली होती. एका फरशीवाल्याला तिथं गोदाम करायचं होतं. त्यानं चाचांना निरोप पाठवून ठेवला होता, घर पाडीन आणि जागा घेईन. चाचांची बायको त्याच घरात वारली होती. घर पाडलेलं त्यांना नको होतं, पण लेक न्यायला येऊन बसला होता आणि त्याला घाई होती.

"गुरुवारी आमी निघनार," चाचा म्हणाले. "गुरुवारी दुपारच्या नमाजच्या आत रजिस्ट्री करा. घर तुमचं. त्याच्यानंतर माझी जबान सुटली, मग लेक करील तसं."

पैशाची जुळणी कशी केली ते सांगत बसत नाही. शिक्षकांच्या पतपेढीचं माझ्या पगारावरचं कर्ज आणि माझ्या पाटल्या, एवढ्यात ते बसलं. अर्जनविसाकडून खरेदीखताचा मसुदा झाला, ह्यांच्या नावानं स्टँप घेतले. गुरुवारी सकाळी दवाखान्यात हजेरी लावून, रजा टाकून दहाच्या गाडीनं परत येतो, असं सांगून हे औशाला गेले.

दहाची गाडी आली. हे आले नाहीत. त्यानंतरची गाडी आली, तिच्यातही नव्हते. त्या गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं, औशाजवळच्या एका वस्तीत विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी पिऊन हगवण-उलटीची साथ सुटली आहे, दवाखान्यातली सगळी माणसं जीपमध्ये घालून तिकडं नेली आहेत.

मी स्टँडवरून रजिस्ट्री कचेरीत आले. तिथल्या लिंबाखाली सासूबाई बसल्या होत्या. रक्कम त्यांच्या कमरेच्या चंचीत होती आणि त्यांचा हात चंचीवरून हलत नव्हता. शेजारी मोठ्या बाई होत्या, साक्षीदार म्हणून त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. चाचा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. त्यांचा लेक सारखा घड्याळ बघत होता. फाटकाबाहेर फरशीवाल्याची जीप उभी होती आणि त्याचा मुनीम तिला टेकून विडी ओढत होता. कचेरीतला रांजण कोरडा ठणठणीत होता. माझ्या जिभेला कोरड पडली होती.

"तुमचे यजमान कुठायत?" अर्जनविसानं विचारलं.

"येत नाहीत. साथीच्या ड्युटीवर गेलेत."

"मग आज होत नाही. लिहून घेणाराची, म्हणजे घर विकत घेणाराची, सही लागते, साहेबासमोर."

चाचांचा लेक लगेच उठला. "अब्बा, चलो. अपना वादा पूरा हुआ."

चाचांनी डोळे उघडले, पण उठले नाहीत. "अजान झाली का?" त्यांनी विचारलं.

"होतेच आहे आता," अर्जनवीस म्हणाला.

"होऊ दे मग."

मला आजही आठवतं, त्या क्षणी मी धीट वगैरे झाले नाही. मला फक्त उठून त्या जुन्या घरी, त्या दोर नसलेल्या आडाजवळ परत जाणं शक्य वाटत नव्हतं. मी अर्जनविसाला म्हणाले, "माझ्या नावानं लिहा."

"म्हणजे?"

"लिहून घेणार मी. कर्ज माझ्या पगारावर आहे. माझी सही आहे. माझं नाव घाला."

अर्जनवीस हसला. "बाई, घरात विचारा आधी. उद्या यजमान येऊन माझ्याशी भांडायचे. आणि स्टँप त्यांच्या नावाचे आहेत, ते चालायचे नाहीत. तुमच्याबरोबर कुणी जबाबदार माणूस?"

मी सासूबाईंकडे बघायचं टाळलं. लेकाचं नाव कागदावरून काढून सुनेचं घालायचं, आणि तेही त्यांच्यासमोर. त्यांनी चंची घट्ट धरून नाही म्हटलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं.

त्या उठल्या. गुडघे धरत अर्जनविसाच्या मेजापर्यंत आल्या.

"म्या हाय की जबाबदार मानूस," त्या म्हणाल्या. "लिव तिच्या नावानं."

"आजी, नीट विचार करा. लेक तुमचा—"

"लेक माझा लई चांगला हाय. त्याचा बाप बी चांगलाच व्हता. त्यो मेला आन् तेराव्या दिवशी दिरानं मला पोरासकट खोपटातून भायेर काढलं. लोकं म्हनले, कागद हाय का तुझ्या नावानं? न्हवता. म्या काय दावावं?" त्यांनी चंचीची गाठ सोडायला घेतली. "आता कागद हून राहिलाय तर हून जाऊ दे. मरन काय कुनाला सांगून येतं?"

ह्यांचे वडील लवकर वारले, एवढंच मला माहीत होतं. बाकीचं ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि सासूबाईंनीही नाही.

मोठ्या बाई एव्हाना रस्ता ओलांडून स्टँपवाल्याकडे गेल्या होत्या. तो जेवायला उठत होता. त्याच्या पेटीवर हात ठेवून त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण तो परत बसला. नवीन कागद आले. अर्जनविसानं मान खाली घातली आणि भराभर नक्कल करायला घेतली. मुनीम विडी टाकून फाटकाच्या आत आला, जवळ येऊन उभा राहिला. मशिदीतून अजान सुरू झाली. चाचांचा लेक म्हणाला, "अब्बा."

"नमाजच्या आत म्हनलो व्हतो," चाचा म्हणाले. "अजान म्हंजे नमाज नव्हं."

नक्कल पुरी होताच आम्ही आत गेलो. रजिस्ट्रारसाहेबांनी चाचांना विचारलं, राजीखुशीनं देता का? चाचा हो म्हणाले, त्यांनी सही केली. मग माझ्याकडे पाहिलं. "घेणार आपणच?"

"हो. मीच."

मी सही केली.  साक्षीदार म्हणून मोठ्या बाईंनी सही केली, सासूबाईंनी अंगठा दिला आणि चंचीतली रक्कम चाचांना मोजून दिली. मग चाचांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि ते नमाजला निघून गेले, मागं न बघता. मुनीमही जीपमध्ये जाऊन बसला.

हे आले ते दिवस मावळताना, कुठल्याशा ट्रकमधून. डोळे लाल, अंगाला फिनाइलचा वास. त्या वस्तीतली दोन पोरं वाचली नव्हती. मी झालेलं सगळं सांगितलं. 

"नाव तुझं एकटीचंच?"

"हो."

"माझं नाव जोडून घालता आलं असतं."

"तुमची सही लागली असती."

त्यांनी मान हलवली. पण ते त्यांना लागलं होतं. पुढचे काही दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. सामान हातगाडीवर चढवताना, पत्र्याची पेटी पेलताना, "सोड, तू उचलू नकोस," एवढंच. मी समजूत काढायला गेले नाही. सासूबाईंनी त्यांच्याशी काय बोलणं केलं ते मला कधी कळलं नाही. एका संध्याकाळी मी बाहेरून आले तर दोघं उंबऱ्यावर बसले होते आणि ह्यांचे डोळे ओले होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या एका मित्राला घर दाखवताना मी त्यांना म्हणताना ऐकलं, "हे आमच्या बाईंचं घर. आम्ही यांचे भाडेकरू." मित्र हसला. हेही हसले.

आम्ही रुळापलीकडे राहायला गेलो तेव्हा पाऊस दूर होता. पाण्याचा टँकर दिवसाआड यायचा आणि दारोदार पिंपांच्या रांगा लागायच्या. पहिल्या दिवशी एका बाईनं आमचं पिंप रांगेतून बाजूला सारलं. "तुमी नव्या. नव्यांनी मागं लावायचं," ती म्हणाली.

"नव्या कशाच्या?" सासूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "घर आमचं हाय. कागद दावू?"

कुणी कागद मागितला नाही. पिंप परत रांगेत लागलं. मी दारात बसून पाहत होते. टँकरवाल्यानं नळी सोडली आणि बायकांचा एकच कालवा उठला.