पालखी दारात येणारं घर

कळंबच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या एका बंगल्याचे राखणदार माझे वडील. त्या नोकरीच्या आधारावर मी घरातला पहिला पदवीधर झालो, म्हणून मालकांबद्दल मला मनापासून आदर आहे. साहेब मुंबईचे. एक बंगला इथं, दुसरा चौक गावाजवळ. दोन्ही शनिवार-रविवारी पाहुण्यांना भाड्यानं द्यायचे.

पाहुण्यांच्या गाण्यांनी गावाची झोप उडाली, तेव्हा ग्रामसभेनं ठराव केला. मालक गावचा रहिवासी असेल, तरच बंगला पाहुण्यांना द्यायचा. बंगला बंद, तर वडिलांचं कामही बंद.

साहेब सभेत उभे राहिले. "मी इथलाच. माझं मन कायम इथंच असतं."

"मनाची घरपट्टी आमी घेत नाय," सरपंचबाई म्हणाल्या. "ज्याच्या दारात देवीची पालखी थांबते, तो गावचा. यंदा जत्रंला तुमच्या दारात आणतो. पालखी घेणाऱ्यांचे पाय घरधन्यानं स्वतः धुवायचे. त्या दिवशी घरात मटण-दारू नाय. जमंल?"

साहेबांनी आनंदानं हात जोडले आणि तारीख न विचारताच नेमका जत्रेचा शनिवार एका कंपनीच्या मंडळींना देऊन टाकला.

त्या सकाळी मंडळी पोहण्याच्या तलावात, मसाला लावलेलं चिकन शेगडीजवळ आणि साहेब मुंबईत. वडिलांचा चेहरा उतरला. "फोन लाव रं. नायतर सोमवारपासून आपण घरी." मी फोन केला. साहेब निघाले. चिकन मी शेजारगावच्या मित्राकडे पोचवलं. पाहुण्यांना वरण-भात मिळेल असं सांगितलं, तर ते उलट खूश झाले. पालखी बघायला मिळणार होती.

ढोल वळणावर ऐकू आला, तेव्हा साहेब गाडीतून उतरत होते. अर्ध्या चड्डीत. वडिलांनी दांडीवर वाळत असलेलं आपलं धोतर चड्डीवरूनच त्यांना गुंडाळलं. नेमकी वीज गेली होती, नळ कोरडे. साहेबांनी तलावातूनच बादली भरली आणि वाकून एकेकाचे पाय धुतले. पाहुणे ओल्या केसांनी मागं हात जोडून उभे.

"पाण्याला औषधाचा वास येतोय, सायेब," सरपंचबाई म्हणाल्या.

"निर्जंतुक आहे," साहेब धापा टाकत म्हणाले.

"मग देवी आजारी पडायची नाय." बाई हसल्या. "झालात गावचे."

वडिलांनी तेव्हा कुठं खांदे सैल सोडले. साहेबांना मात्र उत्साह आला. चौकच्या बंगल्याचंही असंच होईल का, त्यांनी विचारलं.

"तिकडंबी असाच ठराव झालाय म्हणं. पण त्यांची पालखी बी आजच," बाई म्हणाल्या. "धोतर एकच दिसतंय तुमच्याकडं."

चौकचा बंगला त्यांनी पुढं एका शिक्षक कुटुंबाला बारमाही भाड्यानं दिला. आमचा चालू आहे. होळी झाली की साहेब वडिलांना फोन करतात, "जत्रा कधी आहे हो?"

वडील सांगत नाहीत. म्हणतात, "गाव तुमचं, सायेब. तुमीच सांगा."