पळता सर्जा

कराडच्या चिंतामण फोटोग्राफरची सारी विद्या दोन शब्दांत मावायची : हलू नका. माडीवरच्या स्टुडिओत मागे राजवाड्याच्या जिन्याचा रंगवलेला पडदा, पुढे खुर्ची, आणि खुर्चीत श्वास रोखून बसलेलं गिऱ्हाईक. त्यामुळे १९४४ साली मलकापूरच्या नाथाजीने आपल्या बैलाचा फोटो मागितला, तेव्हा या पठ्ठ्याने तो पडदाच सायकलला बांधून गोठ्यात नेला. सर्जाला धुऊन पुसून जिन्यापुढे उभा केला आणि फोटो काढला. तो गेला नाथाजीच्या इटलीत लढणाऱ्या लेकाला, कृष्णातला.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. नाथाजीला वाचता येत नव्हतं, म्हणून ते चिंतामणनेच वाचलं. 'ह्यो आपला सर्जा न्हाई. आबा, बैल इकला का मेला, खरं कळवा. घरातलं आणिक काय लपवलंय त्ये बी कळवा.'

नाथाजी लेकाशी कधी खोटं बोलला नव्हता. आता शपथ घेऊन कळवलं, तरी पोरगा तिकडे बंदूक उशाला घेऊन घराचीच काळजी करणार. चिंतामणला स्वतःची लाज वाटली. सर्जाची ओळख त्याच्या पळण्यात होती : शेपूट वर, मान डावीकडे वाकडी. नुसता उभा असला की तो कुणाचाही बैल.

मग पळता सर्जा काढायचं ठरलं. लढाईमुळे फिल्म मिळत नव्हती आणि चिंतामणच्या हातात धरायच्या छोट्या कॅमेऱ्यात दोनच फोटो शिल्लक होते. पहिला त्याने भर दुपारी, कॅमेरा छातीशी घट्ट आवळून काढला. धुऊन पाहतो तर नुसती धूळ आणि कडेला शेपटीचं टोक.

नाथाजी हसला नाही. त्याने चिंतामणला जोंधळ्यातल्या राखणीच्या माळ्यावर चढवलं आणि हाती गोफण दिली.

"पाखरू दिसलं तिथं मारू नगासा," तो म्हणाला. "त्येच्या संगट हात जाऊ द्या, आन् जाता जाता सोडा. हात थांबला की पाखरू ग्येलं."

दहा वर्षं दुसऱ्यांना हलू नका म्हणणाऱ्याला आता स्वतः हलायला शिकायचं होतं. आठ दिवस तो रस्त्याकडेला, कळ न दाबता, येणाऱ्या-जाणाऱ्या टांग्यांमागे कॅमेरा फिरवत राहिला. टांगेवाल्यांना वाटलं, फोटोवाल्याचं डोकं फिरलं. पण त्या आठ दिवसांत त्याला बरंच उमगलं. दुपारचं ऊन सगळं सपाट करतं, सकाळचं तिरपं ऊन कातडी आणि धूळ वेगळी दाखवतं. भुईवर बसलं की बैल मोठा दिसतो. आणि पळणाऱ्याच्या पुढ्यात थोडी जागा मोकळी सोडावी लागते, नाहीतर तो भिंतीवर आपटल्यासारखा वाटतो.

सर्जा नाथाजीखेरीज कुणासाठी पळायचा नाही. म्हणून त्या सकाळी म्हातारा कासरा धरून स्वतः पळाला. मातीत बसलेला चिंतामण कमरेतून त्यांच्याबरोबर वळला, वळता वळता कळ दाबली आणि तसाच वळत राहिला.

फोटोत शिवाराच्या नुसत्या रेघा झाल्या होत्या आणि सर्जा लख्ख आला होता. मागे नाथाजीही तितकाच लख्ख होता : तोंड उघडं, पटका सुटलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.

नाथाजी म्हणाला, मला कापून टाका, पोराला बैल बघायचाय. चिंतामणने पातं उचललं. पण नाथाजीबरोबर कासराही कापला जाणार होता. मग पोरगा पुन्हा विचारील, बैल कुणाच्या दावणीला आहे? त्याने पातं ठेवून दिलं.

या वेळचं पत्र दोनच ओळींचं होतं, आणि तेही चिंतामणच्या नावे. चिंतामणने ते सावकाश वाचलं. 'सर्जाला लगीच वळखलं. आबांना वळखाया येळ लागला, त्येंला पळवू नगासा.'

नाथाजी पटका नीट बांधून आपणहून खुर्चीत जाऊन बसला.

"त्यो जिन्याचा पडदा लावा," तो म्हणाला, "आन् माजा एक काढा. किस्नाला कळवा, आबा आता बसूनच असत्यात."

चिंतामणने पडदा सोडला, स्टुडिओतल्या मोठ्या कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि सवयीने म्हणाला, हलू नका. नाथाजी डोळे पुसत होता. चिंतामण थांबला.