बिस्किटांच्या डब्यातली काडतुसं

"नलिनी, प्रायमर?"

"नाही आले."

"सप्लायर काय म्हणतो?"

"पुढच्या आठवड्यात म्हणतो. गेल्या आठवड्यातही हेच म्हणाला होता."

नेमबाजी शिकवणाऱ्या सार्जंट वॉल्टने माझ्या काउंटरवर तळहात आपटला, मग माझ्याकडे बघून "सॉरी" म्हणाला आणि पाय ओढत जिना चढून गेला. त्या महिन्यात आमचं हे संभाषण रोज व्हायचं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. अमेरिकेत ॲन आर्बरपासून अर्ध्या तासावर एक लहानशी काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, आहे. तिथल्या पोलीस खात्यात मी स्टोअरकीपर होते. नवरा युनिव्हर्सिटीत रिसर्च करत होता. मी इकडे येण्यापूर्वी सांगलीजवळच्या एका पंपांच्या कारखान्यात सहा वर्षं स्टोअर्स सांभाळलं होतं. तिथे नटबोल्ट होते, इथे काडतुसं. काम तेच: मोजून घ्यायचं, नीट ठेवायचं, सही घेऊन द्यायचं. सासूबाईंना पत्रात मात्र 'सरकारी ऑफिसात आहे' एवढंच लिहीत असे. त्यांच्या जिवाला उगाच घोर कशाला!

आता प्रायमर म्हणजे काय ते सांगते. सरावासाठी नवी काडतुसं आणणं खात्याला परवडत नसे. म्हणून झाडलेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी गोळा करायची, त्यात पुन्हा दारू भरायची, वर शिशाची गोळी बसवायची आणि परत वापरायची. याला रिलोडिंग म्हणतात. तळघरात त्याचं हाताने चालवायचं मशीन होतं आणि वॉल्ट स्वतः ते चालवायचा. नळकांड्याच्या बुडाशी एक एवढीशी वाटी बसवावी लागते. तिच्यावर घोडा आपटला की ठिणगी पडते. तो प्रायमर. दिवाळीत मुलांच्या बंदुकीला टिकल्या असतात ना, त्यातलाच प्रकार. आमच्याकडे पितळ होतं, शिसं होतं, दारूही होती. टिकली तेवढी नव्हती, आणि ती काही तळघरात बनवता येत नाही.

मग काटकसर सुरू झाली. काटकसर म्हटलं की मला हुरूप येतो. माणशी काडतुसं निम्मी केली. उरलेला सराव रिकाम्या रिव्हॉल्व्हरने: नळीवर एक नाणं ठेवायचं आणि ते न पाडता चाप ओढायचा. धिप्पाड डेप्युटी, म्हणजे तिथले पोलीस शिपाई, तोंडातल्या तोंडात शिव्या घालत नाणी सांभाळताना बघून मला हसू यायचं. सरावाची काडतुसं पहिल्यापासून सौम्यच असत, दारू कमी, धक्का कमी. ती मी आणखी पुरवून पुरवून दिली. ड्यूटीवर कमरेला लावायची ती फॅक्टरीची जोरकस काडतुसं. ती कुलपात.

आणि इथेच मी एक उद्योग करून ठेवला होता.

दर वर्षी डेप्युटींकडची वर्षभर बाळगलेली काडतुसं परत घेऊन नवी द्यायची पद्धत होती. घामाने, तेलाने ती खराब होतात, म्हणून. परत आलेली जुनी काडतुसं नव्या लोकांच्या सरावाला द्यायची. त्या वर्षी मी ती दिली नाहीत. बिस्किटांच्या दोन मोठ्या पत्र्याच्या डब्यांत भरून मागच्या कपाटात, रद्दी फॉर्मांच्या मागे ठेवून दिली. साठ्याच्या कार्डावर लिहिलं नाही, त्यामुळे ती संपली असंच सगळ्यांना वाटत होतं. असू देत अडीअडचणीला, एवढंच मनात. सांगलीच्या कारखान्यात मला ज्यांनी काम शिकवलं ते कुलकर्णी म्हणायचे, "बाई, स्टोअरकीपरने खरा साठा कुणाला सांगू नये. दहा असले तर सहा सांगावेत." मी ते डोळे मिटून गिरवत आले होते. त्याने तिकडे कधी कुणाचं बिघडलं नव्हतं. निदान मला तरी तसं वाटायचं.

आता डनीझ. डनीझ आमच्याकडे तीन वर्षं डिस्पॅचर होती, म्हणजे लोकांचे फोन घ्यायचे आणि वायरलेसवर गाड्या पाठवायच्या. तिची खोली माझ्या स्टोअरला लागून. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. मला ती आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून 'मिसेस जे' म्हणायची. माझ्या थालीपिठाला 'अँग्री पॅनकेक' म्हणायची आणि निम्मं मागून घ्यायची. मला बर्फात गाडी चालवायला तिने शिकवलं. गाडी घसरायला लागली की मी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. ती शांतपणे म्हणायची, "मिसेस जे, प्रार्थना चालू ठेवा, पण डोळे उघडे ठेवून." परक्या देशात माझी पहिली मैत्रीण ती. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, तरी मैत्रीणच.

तिला रस्त्यावरची ड्यूटी मिळाली. आमच्या खात्यातली पहिली बाई डेप्युटी. आनंदाने तिने मला उचललं होतं, शब्दशः. अट एकच होती: नेमबाजीची परीक्षा पास व्हायची. दोन संधी. दोन्ही हुकल्या तर घरी. डिस्पॅचची खुर्ची तोवर दुसऱ्याला दिलेली होती, आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं, तिचं आणि तिच्या आईचं.

सरावात डनीझ उत्तम होती. सौम्य काडतुसांनी कागदाला एका ठिकाणी भोकं पाडायची. परीक्षा मात्र ड्यूटीच्या जोरकस काडतुसांनी होत असे, कारण कमरेला तीच राहणार. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. सपशेल नाही, थोडक्यात. पण नापास.

परीक्षेनंतर ती माझ्याकडे आली आणि कोपऱ्यातल्या उपड्या खोक्यावर बसली. रडत नव्हती. उजवा हात डाव्या हाताने दाबत बसली होती.

"मिसेस जे, आवाज व्हायच्या आधीच हात घाबरतो. मी त्याला सांगते घाबरू नको. ऐकत नाही."

मागोमाग वॉल्ट आला. "हिचा दोष नाही. हा धक्का हिने सरावात पाहिलेलाच नाही. दोन आठवड्यांनी दुसरी परीक्षा आहे. नलिनी, मला हिच्यासाठी फुल लोड, ड्यूटीची जोरकस काडतुसं हवीत. निदान शंभर तरी दे. काही आहे का?"

आणि मी म्हणाले, "नाही."

विचार करून म्हणाले नाही. तोंडातून गेलं. राखून ठेवलेल्या मालाबद्दल कुणी विचारलं की 'नाही' म्हणायची वर्षानुवर्षं जिभेला सवय. वॉल्टने मान हलवली. "नव्या काडतुसांच्या सीलबंद पेट्यांना कॅप्टन हात लावू देणार नाही. बघू." डनीझ उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुमचा काय इलाज," आणि गेली.

माझा काय इलाज! कपाट माझ्या पाठीशी होतं, दहा पावलांवर.

त्या संध्याकाळी घरी माझ्या दोन पोळ्या करपल्या. ह्यांनी विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. हे आमटीत पोळी बुडवत ऐकत होते.

"अगं, घरात तरी तू वेगळं काय करतेस? लग्नात मिळालेल्या चांगल्या चादरी अजून ट्रंकेत आहेत. पाहुण्यांसाठी. तीन वर्षांत इथे राहायला कोण आलंय?"

"चादरींनी कुणाची नोकरी जात नाही."

"तेच म्हणतोय मी," हे म्हणाले आणि त्यांनी आणखी आमटी वाढून घेतली.

मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटलेली नाही.

सकाळी वॉल्ट रिलोडिंगच्या खोलीत रिकामी नळकांडी पुसत बसला होता. मी दोन्ही डबे त्याच्यासमोर ठेवले आणि झाकणं काढली.

त्याने एक काडतूस उचलून उलटसुलट करून पाहिलं. "हे कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून."

"काल मी विचारलं तेव्हा?"

"होती."

"का?"

मी कुलकर्णींचं सांगितलं. कारखान्याचं सांगितलं. बोलताना मलाच ते कसंतरी वाटत होतं. वॉल्ट चिडला असता तर बरं झालं असतं. तो उठला आणि कोट घालायला लागला.

"नलिनी, तू कधी गोळी झाडली आहेस?"

"मी? नाही हो!"

"चल मग. जी वस्तू सांभाळतेस ती काय करते, ते तरी कळू दे."

खडीच्या जुन्या खाणीत आमची नेमबाजीच्या सरावाची रेंज होती. बर्फ वितळून नुसता चिखल झालेला. मी लांब कोट, लोकरी टोपी, त्यावर कानांचे मफ अशा अवतारात उभी. डनीझ तिथे आधीच होती आणि मला बघून तिला हसू आवरेना. वॉल्टने मला आधी सौम्य काडतूस झाडायला लावलं. टप्. हातातून भांडं निसटताना बसावा तेवढा हिसका. मला वाटलं, हे तर सोपं आहे. मग त्याने माझ्या डब्यातलं एक भरलं. त्या वेळी हात डोक्याच्या वर गेला आणि मी मराठीत ओरडले. काय ओरडले ते इथे लिहीत नाही.

"कळलं?" वॉल्ट म्हणाला.

कळलं. हिला मी महिनाभर एका चालीवर गायला शिकवलं होतं आणि परीक्षेत वेगळीच चाल ठेवली होती.

डब्यांत मिळून दोनशेच्या आसपास काडतुसं होती. दोन आठवड्यांना ती कमीच. पण वॉल्टने जी युक्ती काढली ती ऐका. रिव्हॉल्व्हरच्या चक्रात सहा घरं असतात. त्यातल्या दोन घरांत खरी काडतुसं भरायची, बाकी चार घरांत आधीच झाडलेली रिकामी नळकांडी. चक्र फिरवून बंद करायचं. खरं कुठलं, खोटं कुठलं, झाडणारीला माहीत नसतं. खोट्यावर चाप ओढला की नुसती टिक् होते. हात घाबरून खाली गेला असेल तर तो त्या वेळी उघडा पडतो, कारण धक्का नसताना नळी डुचमळते. सहा वेळा चाप ओढला तरी खर्च दोनच काडतुसांचा.

भरायचं काम वॉल्टने माझ्यावर सोपवलं. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्या चिखलात पाठ करून उभी राहायची, गारठलेल्या बोटांनी काडतुसं भरायची आणि चक्र फिरवून रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवायची. डनीझ ते उचलायची. टिक्. नळी डुचमळली. टिक्. पुन्हा डुचमळली. धाड्. टिक्. पहिले तीन दिवस मला बघवेना. चौथ्या दिवशी एक टिक् अशी झाली की नळी जागची हलली नाही. वॉल्टने खिशातून शेंगदाणे काढून आम्हा दोघींना दिले.

आणखी एक गोष्ट त्याच दिवसांत कळली. माझ्या डब्यांतली सगळीच काडतुसं काही उडाली नाहीत. कित्येकदा खऱ्या काडतुसावर घोडा पडायचा आणि नुसती टिक् व्हायची. खरं कुठलं ते कुणालाच माहीत नसल्यामुळे मग प्रत्येक टिक् झाली की नळी समोर धरून अर्धं मिनिट थांबावं लागे, कारण उशिरा उडण्याची भीती असते. आम्ही तिघं श्वास रोखून मनात आकडे मोजायचो. वर्षभराचं तेल आतपर्यंत मुरलेलं, त्यात माझं तळघराचं दमट कपाट. मी अडीअडचणीसाठी म्हणून जे राखून ठेवलं होतं, ते खऱ्या अडचणीत कुणाच्या हाती पडलं असतं तर? तो विचार आजही मला नको वाटतो.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मी काउंटर सोडला नाही. जाऊन बघायचा धीरच नव्हता. आल्या-गेल्याला चुकीच्या वस्तू देत होते. एकाने बॅटरी मागितली, मी त्याला बूट दिले. अकराच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. पहिला वॉल्ट, मागे डनीझ. वॉल्टने कागद माझ्यासमोर ठेवला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "डेप्युटीला तिची काडतुसं दे."

पास. फार मोठ्या फरकाने नाही, पण पास.

मी सीलबंद पेटी उघडली. सहा रिव्हॉल्व्हरमध्ये, बारा कमरेच्या पट्ट्यात, अशी अठरा नवीकोरी काडतुसं एकेक करून काउंटरवर मांडली. सहीचा कागद पुढे केला. वॉल्ट वर गेला होता. त्याने तिला काही सांगितलेलं नाही हे मला ठाऊक होतं. डबे सापडले, एवढंच तो तिच्याशी बोलला होता. पण सही करून ती निघाली आणि मला राहवेना.

"डनीझ, त्या दिवशी वॉल्टने विचारलं ना, तेव्हा ती काडतुसं माझ्याकडेच होती. मला माहीत होतं. मी खोटं बोलले."

ती काडतुसं पट्ट्यात बसवत होती. वर न बघता म्हणाली, "माहीत आहे."

"वॉल्टने सांगितलं?"

"नाही. कुणी काही मागितलं की तुम्ही आधी कार्ड बघता, मिसेस जे. पाठ असलं तरी. त्या दिवशी न बघताच नाही म्हणालात."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? तुझी नोकरी होती ती!"

"बोलले असते तर वॉल्टने तुम्हाला पकडलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही आपणहून आणाल असं वाटलं मला. एक रात्र थांबायचं ठरवलं होतं. सकाळी आणलीत की."

ती गेल्यावर मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि खुशाल रडले.

प्रायमर मे महिन्यात आले, एकदम दोन खोकी. तोवर मी काउंटरवर एक फळा लावला होता. त्यावर रोज सकाळी खरा साठा लिहायचा, कुणीही बघावा. मला वाटलं होतं, आकडा दिसला की लोक तुटून पडतील. झालं उलटंच. डेप्युटी आपणहून कमी मागायला लागले. टंचाईत माल लपवला की कमी पडतो, दाखवला की पुरतो. पुढे तीन ठिकाणी स्टोअर्स सांभाळलं, आणि हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी हे सांगत आले. कुणी विचारलं, हे तुम्ही कुठे शिकलात, तर 'अनुभवाने' म्हणून वेळ मारून नेत असे. आता रिटायर झाले आहे, म्हणून सगळं खरं लिहिलं.